आज दिवसभर बोरस्कोप

सकाळपासून विमानाच्या एकाच इंजिनापाशी उभी होते. हाय प्रेशर टर्बाइनची, म्हणजे गरम वायूने फिरणाऱ्या ब्लेड्सच्या चाकाची तपासणी. बोरस्कोप, म्हणजे पेन्सिलीपेक्षा बारीक कॅमेऱ्याची नळी, इंजिनावरच्या पोर्टमधून (तपासणीच्या छिद्रातून) आत सोडायची, सहकारी रोटर हळूहळू फिरवतो आणि एकेक ब्लेड स्क्रीनवर येतं. इंजिन चालू असताना यांच्यावरून जाणारा वायू धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही गरम असतो. ब्लेडच्या अंगावरच्या बारीक छिद्रांतून येणारी हवाच त्याला वाचवते. त्यामुळे एखादं छिद्र बुजल्यासारखं वाटलं, तरी माझा हात थांबतो.

दुपारी एका ब्लेडच्या पुढच्या कडेला केसाएवढी काळी रेघ दिसली. पोटात गोळाच आला. "थांब, मागे घे." कोन बदलला, प्रकाश कमी-जास्त केला, दुसऱ्या इन्स्पेक्टरला बोलावलं. काजळीचा ओघळ निघाला. तरी फोटो काढून ब्लेडचा नंबर नोंदवलाच.

एप्रिल २०१८ मध्ये साउथवेस्ट या अमेरिकन कंपनीच्या १३८० क्रमांकाच्या उड्डाणात इंजिनाच्या पुढच्या पंख्याचं पातं (फॅन ब्लेड) मुळाशी तुटलं, एका प्रवासी महिलेचा जीव गेला. मेटल फटीगची (वारंवार ताण पडून धातू थकल्याची) ती चीर नुसत्या डोळ्यांनी सापडणारी नव्हती. तीनच दिवसांत एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, आदेश काढला: ३०,००० सायकल्स (एक उड्डाण म्हणजे एक सायकल) झालेल्या ब्लेड्सची २० दिवसांत अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी तपासणी. असा सक्तीचा आदेश कागदावर कोरडा वाटतो, मला तो वाचताना दर वेळी तीच बाई आठवते.

संध्याकाळी पोर्टचे प्लग बसवले, टॉर्क (ते किती घट्ट बसलेत ते) पुन्हा तपासला, सही केली. डोळे अजून चुरचुरतायत.