कृष्णा, टप्पा तिसरा: बंधाऱ्यांवर उतारा सापडला

वाई ते कराड हा रस्त्याचा आणि सायकलचा टप्पा मागील नोंदींत आला आहे. कराडच्या प्रीतिसंगमाखालचा (कृष्णा-कोयना संगमाखालचा) कयाकचा, म्हणजे वल्हवायच्या अरुंद बोटीचा, टप्पा मात्र बंधाऱ्यांनी अडवून धरला होता. पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या खांबांमधील खाचांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, बसवले जातात आणि कृष्णेचे लांबट, संथ डोह होतात. वल्हवण्यास हे पाणी सुखाचे असले तरी बरग्यांच्या फटींकडील ओढ बोटीला खांबांवर दाबून धरू शकते, म्हणून बरेच अलीकडे काठाला लागून कयाक जमिनीवरून पलीकडे न्यावी लागते.

खरी अडचण तेथेच आहे. काठ उंच आणि उभे असून खालच्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या गाळात, पाय घोट्यापर्यंत रुततो, आणि वर पोहोचताच ऊस सुरू होतो. कयाक ओढून नेण्यासाठी ऑनलाइन मागवलेल्या ट्रॉलीची अरुंद, कडक चाके डांबरावर उत्तम चालतात, पण मळीत ती नांगरासारखी तास काढतात. ‘सर्व प्रकारच्या जमिनीसाठी’ अशी जाहिरात करणाऱ्यांनी एकदा बहे गावचा काठ पाहावा. फुगीर चाके घ्यावीत, तर ती महाग पडतात आणि बोटीत जागाही अडवतात.

अखेर बहे येथे, रामलिंग बेटाच्या अलीकडे, एका शेतकरीदादांनी उतारावर उसाचे पाचट, म्हणजे वाळलेली पाने, अंथरून दिले. कयाकचा पॉलिथिनचा तळ त्यावरून इतका सहज सरकला की पुढची दोरी एकट्याने ओढूनही बोट वर आली! पाचट कोरडे हवे आणि उताराच्या दिशेने पसरलेले हवे. आडवे पडले तर ते बोटीबरोबरच गोळा होत जाते. गळीत हंगामात ते काठाकाठाने मिळते. मात्र अनेकजण आता ते खतासाठी शेतातच कुजवतात, तेव्हा विचारूनच घ्यावे.

औदुंबरपर्यंत पाण्यातूनच जाण्याचा बेत मी बदलला आहे. भिलवडी-औदुंबर परिसरात मगरींचा वावर आहे आणि हिवाळ्यात त्या नेमक्या अशाच मळीवर ऊन खात पडतात. तेथे पाचट अंथरत बसणे शहाणपणाचे नाही. तो भाग सायकलनेच करीन. हे लिहितानाच सुचले, की घडीची सायकल कयाकच्या मागच्या खोलगट भागात बांधून नेल्यास बह्याला गाडी मागवावी लागणार नाही. बारा-तेरा किलो वजन मागे आले की पुढचे टोक उचलले जाईल, म्हणून पाण्याचे कॅन आणि तंबू पुढे हलवून आधी कराडच्या संथ पाण्यात तोल पाहणार आहे. कोणी अशी सायकल बांधून वल्हवले असल्यास पट्टे कोठे अडकवले, ते अवश्य सांगावे.