तुम्ही विचारलंत म्हणून: एच-इंडेक्स इतका कमी का?

"मॅडम, तुमचा एच-इंडेक्स 14च कसा?" पीएचडीसाठी लॅब शोधणारी मुलं सरळ विचारतात, परिषदांमध्ये बरोबरीचे लोक आडून विचारतात. आता भाचाही विचारायला लागलाय, कारण संशोधकांचे पेपर आणि असे आकडे दाखवणारं गूगल स्कॉलर त्यालाही उघडता येतं. तर एकदा नीट सांगते.

आकडा खरा आहे. एच-इंडेक्स 14 म्हणजे प्रत्येकी किमान 14 सायटेशन्स (इतर संशोधकांनी त्यांच्या पेपरांत केलेले उल्लेख) मिळालेले माझे 14 पेपर आहेत, 15वा अजून तिथवर पोचलेला नाही.

माकडाच्या मेंदूतल्या दृष्टीशी संबंधित भागात एकेका न्यूरॉनचे, म्हणजे चेतापेशीचे, विद्युत संकेत नोंदवायचे, हे माझं काम. अर्धवट झाकलेली वस्तू आपण पूर्ण कशी ओळखतो, हा प्रश्न. पडद्यावरच्या ठिपक्यावर नजर स्थिर ठेवायला माकडाला शिकवण्यातच महिने जातात, त्याआधी परवानग्या. आणि एका माकडात दिसलेलं दुसऱ्यात दिसलं नाही तर पेपर सहसा छापला जात नाही. तेवढ्या काळात इतरांनी आधीच नोंदवून सगळ्यांसाठी खुला केलेला मेंदूचा एमआरआय डेटा वापरणाऱ्या लॅबचे दोन-तीन पेपर होतात. ते काम हलकं नाही. पण त्या क्षेत्रात माणसं कितीतरी जास्त, म्हणून उल्लेख करणारेही जास्त.

हे सगळं मी बढतीच्या मुलाखतीतही सांगितलं होतं. समितीत दृष्टीवर काम करणारं कोणी नव्हतं. टेबलावर एक तक्ता होता: उमेदवारांची नावं, पुढे पेपर, सायटेशन्स, एच-इंडेक्स. माझी ओळ सगळ्यांत खाली. एका ज्येष्ठ सदस्यांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, "वर्षाला एक पेपरसुद्धा पडत नाही?" मी दुसऱ्या माकडाचं सांगितलं. ते म्हणाले, "मग लवकर निकाल देणारा विषय का नाही घेतलात?" आवाजात दुष्टपणा अजिबात नव्हता, काळजीच होती. मी लॅपटॉपवर एक आलेख उघडून ठेवला होता. आकार झाकला की न्यूरॉनचा प्रतिसाद आधी मंदावतो आणि काही क्षणांनी सावरतो, तो सावरणारा भाग मला त्यांना दाखवायचा होता. संधी मिळेल म्हणून मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवून बसले होते. कोणी तिकडे पाहिलं नाही. तुम्हाला काय सापडलं, हा प्रश्न त्या खोलीत आलाच नाही. शेवटी मीच लॅपटॉप मिटला आणि आभार मानून बाहेर आले. त्या वर्षी बढती मिळाली नाही.

पुढच्या वेळी मिळाली, आणि तेही ऐका. माझा सर्वाधिक सायटेशन्सचा पेपर डोळ्यांच्या हालचालींची नोंद स्वच्छ करणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमवर आहे. त्यात मेंदूबद्दल एक ओळही नवी नाही. उपयोगी आहे, म्हणून लोक वापरतात आणि उल्लेख करतात. बढती त्यानं दिली.

कमी सायटेशन्सचा विषय निघाला की मी मेंदूशास्त्रज्ञ चार्ल्स ग्रॉस यांचं उदाहरण देते. तेही माकडाच्या मेंदूतले न्यूरॉन नोंदवत होते. एक न्यूरॉन कशालाच प्रतिसाद देईना. त्यांच्या गटातल्या कोणीतरी पडद्यासमोर हात हलवला आणि तो न्यूरॉन पेटून उठला. मग 12 तास कागदाचे आकार कापून त्याच्यापुढे धरले. माकडाच्या हातासारखा आकार त्याला सर्वांत मानवला. 1969 आणि 1972मध्ये हे छापलं गेलं आणि पुढची दहाएक वर्षं त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. आज चेहरे ओळखणाऱ्या पेशींचं अख्खं क्षेत्र त्यावर उभं आहे. उदाहरण खरं आहे. पण न वाचला गेलेला प्रत्येक पेपर तसा नसतो. माझा आहे का, हे ठरवणारी मी कोण?

आणि पंचविशीतली मी या सगळ्याला कडाडून विरोध करते. जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजातून आलेली, मोठ्या सरांची चिठ्ठी नसलेली मुलगी. तिच्या नावापुढचा आकडा हीच एक गोष्ट होती, जी कोणाला ओळखीनं कमी करता येत नव्हती. ती मला विचारते: आकडे काढून टाकले तर निवड कोण करणार? "आमच्या ओळखीचा मुलगा आहे" म्हणणारेच ना? हॉर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं 2005मध्ये एच-इंडेक्स मांडला, तेव्हा एकाच गाजलेल्या पेपरवर किंवा नुसत्या पेपरांच्या ढिगावर मोठेपण मिळू नये, हा विचार त्यात होता. तिला तो विचार पटतो. मी म्हणते, क्षेत्राक्षेत्रांत सायटेशन्सचा वेग वेगळा असतो, हे हर्श यांनीही नमूद केलं होतं, तक्ता करणाऱ्यांनी ते वाचलं नाही. ती म्हणते, मग तक्ता सुधारा, फाडू नका. माझ्याकडे यावर धड उत्तर नाही. लोकांच्या करातून पगार घेणाऱ्यानं हिशेब द्यायचाच नाही, असंही मला म्हणता येत नाही.

सध्या माझ्या विद्यार्थिनीकडे पहिल्या माकडाचे निकाल तयार आहेत, दुसऱ्याचं प्रशिक्षण चालू आहे. तिची फेलोशिप मार्चमध्ये संपते. अर्ध्या कामाचा पेपर आत्ताच पाठवूया का, असं ती परवा विचारत होती. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाही म्हणायचं तर मार्चनंतर तिचा पगार कुठून आणायचा, ते मला आधी शोधावं लागेल.