कॉकरचे कान आणि घरातला औषधांचा डबा

कॉकर स्पॅनियल जातीच्या कुत्र्याच्या कानात तेल घालू नका. खोबरेल नको, कडुनिंबाचं नको, लसूण तडतडवून कोमट केलेलं तर नकोच. कॉकरचा कान बिघडतो तेव्हा त्यात मॅलासेझिया या यीस्टचा, म्हणजे एका बुरशीचा, हात वारंवार सापडतो, आणि ही यीस्ट स्निग्ध पदार्थांवर पोसते. म्हणजे आपण औषध समजून तिला जेवण वाढतो.

कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. कॉकरमध्ये त्यात भर पडते ती मळ तयार करणाऱ्या जास्तीच्या ग्रंथींची, नळीच्या तोंडाशी असलेल्या दाट केसांची आणि वरून जड पाळीच्या झाकणाची. आत हवा खेळत नाही. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तर ओल सुकतच नाही. सूज महिनोन् महिने राहिली की नळीची भिंत जाड आणि शेवटी कडक होते, मग थेंब आत उतरायला वाटच उरत नाही. त्या टप्प्यावर शस्त्रक्रियेने अख्खी नळी काढावी लागते, आणि ही वेळ येणाऱ्या जातींत कॉकर फार वरच्या क्रमांकावर आहे.

निरोगी कान आठवड्यातून एकदा, आणि पोहल्यावर किंवा आंघोळीनंतर त्याच दिवशी साफ करा. इयर क्लीनरची बाटली आधी पाच मिनिटं मुठीत धरा. गार द्रव कानात गेला की कुत्रा पुढच्या वेळी बाटली पाहूनच पलंगाखाली जातो. पाळी वर उचलून धरा आणि नळी तोंडापर्यंत भरेल इतकं क्लीनर ओता. दोन-चार थेंब वळणापर्यंतही पोचत नाहीत. मग कानाच्या मुळाशी, जबड्याच्या वरच्या बाजूला, अर्धा मिनिट चोळा. पचपच आवाज आला म्हणजे द्रव खाली उतरलाय. आता हात सोडा आणि त्याला मान झाडू द्या (म्हणून हे काम बाथरूममध्ये). वर आलेला मळ कापसाच्या बोळ्याने, बोट सहज जाईल तिथपर्यंतच पुसा. कापूस लावलेली काडी मळ आणखी खाली दाबते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट सुजलेल्या कातडीला जाळतात.

कान दुखत असेल, वास येत असेल, तर आधी डॉक्टरांकडे. तिथे दोन गोष्टी व्हायलाच हव्यात. कानाचा पडदा शाबूत आहे का ते बघणं, कारण तो फाटलेला असताना जेंटामायसिनसारखी औषधं आतल्या कानाला इजा करू शकतात. आणि मळ काचेवर घेऊन, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. तपकिरी, कुबट वासाचा मळ बहुधा यीस्टचा, पिवळा-हिरवा पू बहुधा जिवाणूंचा. पण ‘बहुधा’वर औषध ठरवू नये. थेंब सुरू केल्यावर मान एका बाजूला कलली, तोल जाऊ लागला किंवा ऐकू कमी येऊ लागलं, तर थेंब थांबवून त्याच दिवशी फोन करा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो मध्येच थांबल्याने. बहुतेक थेंबांत बुरशीवरचं औषध, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र असतं. स्टेरॉइडमुळे तीन-चार दिवसांत खाज जाते, लोक बाटली ठेवून देतात आणि महिन्याभरात कान पुन्हा वाहू लागतो, या वेळी औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंसह. दोन आठवडे हा साधारण किमान काळ धरा; खरा शेवट पुन्हा काचेवर मळ तपासूनच. तरीही वर्षात तीन-चारदा तेच होत असेल, तर दुखणं बहुधा कानाचं नाही, ॲलर्जीचं आहे.

एक अपवाद. पावसाळा संपून गवत वाळलं की, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, माळावरून आलेला कॉकर अचानक एकाच बाजूला जोरजोरात मान झाडू लागतो. ते बहुतेक वेळा कुसळ असतं. क्लीनर ओतून ते निघत नाही, उलट आत सरकतं. ते चिमट्यानेच काढावं लागतं, गरज पडली तर भूल देऊन. फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्यांतही बघा.

आता गोळ्या. कॉकर साधारण १२ ते १५ किलोचा, त्यामुळे ‘मध्यम कुत्रा, अर्धी गोळी’ हा हिशेब घरोघरी चालतो. मेलोक्सिकॅम या वेदनाशामकाचा कुत्र्याचा नेहमीचा डोस पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आणि पुढे ०.१. म्हणजे १४ किलोच्या कॉकरला रोज १.४ मिलिग्रॅम. माणसांची मोठी गोळी १५ मिलिग्रॅमची. तिची अर्धी दिली तरी पाचपटीहून जास्त. पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक तर देऊच नका. खाजेसाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल, तर लंगडण्यासाठी वेदनाशामक मागताना डॉक्टरांना ते आठवणीने सांगा. ही दोन औषधं एकत्र देत नाहीत.

गोचीड तापावर, म्हणजे एर्लिकियावर, डॉक्सिसायक्लिन दिवसाला किलोमागे १० मिलिग्रॅम, २८ दिवस. ताप दोन दिवसांत उतरतो, म्हणून थांबू नका. जेवणासोबत द्या आणि वर पाणी पाजा, नाहीतर उलटी होते. दुधातून देऊ नका. हिरड्या पांढुरक्या आणि लघवी गडद दिसली, तर ‘गोचीड ताप असेल’ म्हणून जुनं औषध परत सुरू करू नका. कॉकरमध्ये शरीर स्वतःच्याच लाल पेशी मारतं असा आजारही होतो. त्याचं औषध वेगळं आहे आणि हाताशी वेळ फार कमी असतो.

डोळ्यात चिकट, दोरीसारखी घाण येत राहिली, तर अश्रू मोजून घ्या. कागदी पट्टी मिनिटात १५ मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर कोरडेपणाचा संशय. त्यावर सायक्लोस्पोरिनचं मलम बहुधा जन्मभर लावावं लागतं आणि गुण यायला काही आठवडे जातात. घरात पडलेले स्टेरॉइडचे थेंब घालू नका. बुबुळावर जखम असेल तर ते डोळा घालवतात. आणि डोळा लाल, धुरकट, टपोरा दिसत असेल, कुत्रा डोकं धरू देत नसेल, तर ती काचबिंदूची लक्षणं समजा. तिथे सकाळची वाट पाहायची नसते.