इंजिन चालू, चाकं बंद: सेकंडहँड लॉनमोवरची दुरुस्ती

अमेरिकेत घर घेतलं की घरासोबत गवतही गळ्यात पडतं. बऱ्याच गावांत गवताच्या उंचीवर मर्यादा असते. ती ओलांडली की नोटीस येते आणि तरीही हललं नाही तर गाव माणूस पाठवून गवत कापतं आणि बिल घरमालकाला लावतं. गवत कापायचं यंत्र म्हणजे मोवर. इंजिनाच्या जोरावर स्वतःच पुढे सरकणारा, म्हणजे सेल्फ-प्रोपेल्ड मोवर नवा घ्यायला गेलं तर ४०० डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. दुसरीकडे दर एप्रिलमध्ये ‘गेल्या वर्षी चालत होता, आता सुरू होत नाही’ असे मोवर ४०-५० डॉलरला मिळतात, कधी रस्त्याच्या कडेला फुकटही. त्यातले बरेचसे एका दुपारी बरे होतात. कुठले होणार नाहीत, हे मात्र पैसे द्यायच्या आधी कळलं पाहिजे.

सगळ्यात आधी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवा. ती काढल्याशिवाय पात्याला हात लावायचाच नाही. मग हातमोजे घालून मोवर कलता करा आणि इंजिनाचा ब्रेक सुटावा म्हणून हँडलवरचा दांडा कुणाला तरी धरायला सांगून पातं हाताने सावकाश फिरवा. पात्याचा मधला बोल्ट जागच्या जागी फिरला पाहिजे. तो डोलत असेल तर क्रँकशाफ्ट, म्हणजे पातं फिरवणारा इंजिनाचा आस, वाकलाय, कुठल्या तरी झाडाच्या खुंटावर आपटून. असा मोवर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

कलता करतानाही एक सवय सोडावी लागते. सुरू न होणारी चेतक आडवी करून उभी करण्याचं शिक्षण आपल्याकडे अनेकांना घरातच मिळालंय. पण त्या स्कूटरचं इंजिन टू-स्ट्रोक, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. मोवरचं फोर-स्ट्रोक असतं आणि त्याच्या पोटात साधारण अर्धा लिटर ऑइल असतं. एअर फिल्टर आणि कार्बोरेटर आकाशाकडे राहतील असाच तो कलता करायचा. उलट बाजूला पाडला तर ऑइल फिल्टरच्या कागदात आणि सिलिंडरमध्ये शिरतं. मग इंजिन सुरू करायची दोरी ओढून खांदा दुखतो आणि सुरू झालाच तर पांढरा धूर थांबत नाही.

चाकांची परीक्षा इंजिन बंद असतानाच होते. ड्राइव्हचा, म्हणजे चाकं चालवणारा, दांडा दाबून धरा आणि मोवर मागे ओढा. बहुतेक मॉडेलमध्ये ओढणारी चाकं अडून घासली पाहिजेत. एक चाक मोकळं फिरलं तर दोष त्याच चाकात आहे. दोन्ही फिरली तर दोन्ही चाकांच्या आतले दाते गेलेत किंवा गडबड आत, इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या पट्ट्याकडे आहे. निवड असेल तर मागची चाकं ओढणारा मोवर घ्या. गवताची पिशवी भरली की वजन मागे जातं आणि पुढची चाकं ओढणारा मोवर चढावर नुसता घसरतो.

आता इंजिन. हिवाळाभर टाकीत पेट्रोल तसंच ठेवलेलं असणं, हे न सुरू होण्याचं नेहमीचं कारण. इथल्या पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. जे पेट्रोल उडून जातं ते मागे चिकट थर ठेवतं आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं मिलिमीटरपेक्षाही बारीक भोक बुजतं. खात्री करायला एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात कार्ब क्लीनरचा (कार्बोरेटर साफ करायच्या स्प्रेचा) एक-दोन सेकंद फवारा मारा, फिल्टर परत बसवा आणि दोरी ओढा. दोन-तीन सेकंद चालून बंद पडला तर ठिणगी आहे, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आहे, फक्त पेट्रोल पोचत नाही.

पेट्रोलची नळी क्लॅम्पने दाबून कार्बोरेटरची खालची वाटी काढा. मोवरची इंजिनं बनवणाऱ्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीच्या अनेक जुन्या इंजिनांत वाटी धरणारा बोल्ट हाच जेट असतो. त्याच्या मधलं आणि बाजूचं, दोन्ही भोकं उजेडाकडे धरून आरपार दिसली पाहिजेत. होंडाच्या जीसीव्ही १६० इंजिनात जेट मधल्या नळीत वर बसवलेला असतो. पितळ मऊ असतं, म्हणून खाचेत नीट बसणाराच स्क्रूड्रायव्हर लावा. भोक साफ करायला विजेच्या वायरीतली तांब्याची एकच तार पुरते. सुई किंवा ड्रिल घातलं तर भोक मोठं होतं आणि इंजिन काळा धूर ओकायला लागतं. इंजिन चालतंय पण आवाज सारखा चढतो-उतरतो, असं असेल तर मंद गतीचा बारीक जेट अजून बुजलेला आहे. बाजारात १५-२० डॉलरला नकली कार्बोरेटर मिळतात. साध्या ब्रिग्जला ते चालून जातात, होंडाचा मूळ कार्बोरेटर मात्र साफ करून वापरलेलाच बरा.

ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास आला तर फ्लोटची, म्हणजे वाटीतलं पेट्रोल ठरावीक पातळीवर थांबवणाऱ्या तरंगत्या भागाची, सुई गळतेय आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. सुई बदला आणि ऑइलही, नाहीतर बेअरिंग जाईल. जुनं ऑइल मोटारींच्या सुट्या भागांची बरीच दुकानं फुकट घेतात.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी दोरी हातातून हिसका मारून परत जाते? मग पातं कशावर तरी आदळून फ्लायव्हीलची चावी (इंजिनाचं जड चाक क्रँकशाफ्टवर जागच्या जागी धरणारा छोटा तुकडा) कापली गेलीय आणि ठिणगी चुकीच्या वेळी पडतेय. ही चावी मुद्दाम मऊ धातूची असते, क्रँकशाफ्ट वाचावा म्हणून. नवी काही डॉलरला मिळते. तिच्या जागी पोलादाचा तुकडा ठोकणारे महाभाग आहेत, त्यांच्याकडून मोवर घेऊ नका. स्पार्क प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर ब्रिग्जच्या बऱ्याच इंजिनांना ०.०३० इंच, होंडाला ०.७ ते ०.८ मिलिमीटर. प्लग ३-५ डॉलरला येतो, त्यामुळे जुना घासत बसण्यात अर्थ नाही.

चाकं ओढत नसतील तर मागचं चाक काढा. आतल्या बाजूला प्लॅस्टिकचे दाते असतात आणि अॅक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, टोकाला पिनियन नावाचं छोटं दातेरी चक्र. पिनियन फिरतंय पण चाक नाही, तर चाकाचे दाते झिजलेत आणि चाकच बदलायचं. अॅक्सल फिरतोय पण पिनियन नाही, तर पिनियनच्या आतली छोटी पट्टी गंजून किंवा मळून अडकली आहे. ती पट्टी खाचेत सहज सरकली पाहिजे. जुन्या टूथब्रशने साफ करा, ऑइलचा एकच थेंब द्या. इथे ग्रीस थापण्याचा मोह होतो, पण ग्रीसवर गवताची धूळ आणि माती चिकटते आणि तेच मिश्रण दाते खातं. पिनियन धरणारी ई आकाराची क्लिप काढताना वरून फडकं धरा, नाहीतर ती गवतात उडते आणि सापडत नाही. डावं आणि उजवं पिनियन वेगवेगळं असतं. उलट बसवलं तर मोवर हलतच नाही, म्हणून काढतानाच खूण करा.

अॅक्सलच फिरत नसेल तर आधी ड्राइव्हच्या दांड्याची केबल बघा. ताण देणारा नट बहुधा हँडलजवळ असतो. केबल फार ताणली तर ड्राइव्हचा दांडा सोडल्यावरही मोवर पुढे सरकत राहतो आणि पट्टा जळतो. पट्ट्यासाठी पातं आणि आतलं कव्हर काढावं लागतं, तिथे वाळलेल्या गवताचा गच्च थर असतो. मोटारीचा त्याच मापाचा पट्टा लावू नका, तो इथल्या घसरणीला टिकत नाही. मोवरच्या पत्र्यावरच्या नंबराने मागवा. इंजिनावरचा नंबर फक्त इंजिनाच्या भागांना लागतो. ब्रिग्जच्या इंजिनावरच्या कोडचे पहिले ६ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. विकणारा ‘तीनच वर्षं जुना’ म्हणत असेल तर ते तिथे वाचता येतं.

हत्यारं इंचातली लागतात. भारतातून आणलेला मिलिमीटरचा सेट होंडाला चालतो, ब्रिग्जच्या नटांचे कोपरे मात्र खाऊन टाकतो.

पात्याचे वळवलेले पंख वर, पत्र्याच्या दिशेने यायला हवेत. धार लावल्यावर मधल्या भोकातून खिळ्यावर टांगून तोल बघा. ब्रेकचा दांडा सोडल्यावर पातं ३ सेकंदांत थांबलंच पाहिजे, अमेरिकेत १९८२ पासून तसा नियम आहे. जुन्या मोवरवर तो दांडा कुणी दोरीने बांधून ठेवलेला दिसला तर ती दोरी आधी कापा.

चाकं दुरुस्त झाल्यावर पहिल्याच दिवशी मोवर मागे ओढताना अडेल. काही बिघडलेलं नसतं. ड्राइव्ह सोडा, इंचभर पुढे ढकला, पिनियनमधली पट्टी सुटते आणि मोवर मागे येतो.