विषुवांश अक्षाच्या मोटरीसाठी टॉर्कचा हिशेब

सहा इंची न्यूटनी दुर्बिणीसाठी घरी बांधत असलेल्या विषुववृत्तीय माउंटचे (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती दुर्बीण फिरवणाऱ्या आधाराचे) यांत्रिक काम पूर्ण होत आले आहे. विषुवांश अक्षाला (हाच तो पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे ध्रुवीय अक्ष) स्टेपर मोटर, म्हणजे ठरावीक लहान पावलांनी फिरणारी मोटर, बसवण्यापूर्वी ती एवढे वजन हव्या त्या वेगाने हलवू शकेल का, हे मी कागदावर तपासून घेतले. सूत्र सोपेच आहे: लागणारा टॉर्क (फिरवणारा जोर) म्हणजे जडत्व आघूर्ण (फिरण्याचा वेग बदलण्याला वस्तूचा विरोध) गुणिले कोनीय त्वरण. खरे काम असते ते जडत्व आघूर्ण नीट मोजण्याचे.

नळी ६ किलोची असून तिचा गुरुत्वमध्य अक्षापासून ३० सेंमीवर आहे. तेवढ्याच अंतरावर पलीकडे ६ किलोचे काउंटरवेट आहे. गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबात ही दोन्ही एकमेकांना तोलून धरतात, पण जडत्वाच्या हिशेबात त्यांची बेरीज होते: प्रत्येकी ०.५४ किलो-मीटर². त्यात ९० सेंमी लांबीच्या नळीचे स्वतःचे सुमारे ०.४ मिळवायचे, मात्र दुर्बीण खगोलीय विषुववृत्ताकडे वळलेली असेल तेव्हाच, कारण ध्रुवाकडे रोखलेली नळी अक्षाला समांतर होते आणि हा भाग जवळजवळ नाहीसा होतो. मी सर्वांत कठीण स्थिती धरून एकूण १.५ घेतले. काउंटरवेट ९ किलोचे करून २० सेंमीवर आणले, तर तोल तोच राहतो आणि त्याचे जडत्व ०.५४ वरून ०.३६ वर येते. म्हणूनच लांब दांडीवरच्या हलक्या वजनापेक्षा आखूड दांडीवरचे जड वजन मला अधिक पसंत आहे.

अर्ध्या सेकंदात २ अंश प्रति सेकंद हा वेग गाठायचा, तर त्वरण ०.०७ रेडियन/सेकंद² येते आणि अक्षावर केवळ ०.१ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. १४४:१ चा वर्म गिअर (मळसूत्री दंडाने फिरणारे दातेरी चाक) आणि ३:१ चा पट्टा मिळून गुणोत्तर ४३२ होते. ते मी मुद्दाम निवडले आहे: मोटरीच्या २०० स्टेप्स धरता एक पूर्ण स्टेप बरोबर १५ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) होते, म्हणजे आकाश एका सेकंदात सरकते जवळजवळ तेवढीच. वर्मची कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर या भारासाठी मोटरीवर ०.६ मिलिन्यूटन-मीटर येतात. मोटरीच्या रोटरचे (आतल्या फिरत्या भागाचे) जडत्व अगदी क्षुल्लक, ५४ ग्रॅम-सेंमी² आहे. पण अक्षाच्या बाजूने पाहताना ते गुणोत्तराच्या वर्गाने गुणावे लागते आणि जवळपास १ किलो-मीटर² भरते, म्हणजे दुर्बिणीच्या दोन-तृतीयांश! वर्म गिअरच्या माउंटमध्ये रोटर हिशेबातून वगळणे योग्य नाही, ते यासाठी.

तरीही या माउंटमध्ये त्वरण ही मुख्य अडचण नाही. अर्ध्या किलोचा कॅमेरा लावला आणि काउंटरवेट सरकवले नाही, तर दांडी आडवी असताना अक्षावर सुमारे १.४ न्यूटन-मीटर टॉर्क येतो, म्हणजे त्वरणाला लागणाऱ्या टॉर्कच्या चौदापट. पुण्याच्या १८.५ अंश अक्षांशावर ध्रुवीय अक्ष जवळजवळ आडवाच असतो, त्यामुळे असमतोलाचा जवळपास पूर्ण भार त्यावर पडतो. उत्तरेकडे जावे तसा तो कमी होतो.

हा असमतोल धरूनही मोटरीवर १० मिलिन्यूटन-मीटरपेक्षा कमीच भार येतो आणि तिचा स्थिर टॉर्क ४०० आहे. वेग वाढतो तसा स्टेपरचा टॉर्क घटतो हे खरे, पण येथे ती मिनिटाला १४४ फेरेच घेणार आहे. त्यामुळे मोटर हीच ठेवत आहे. बेअरिंगचे घर्षण मात्र या आकड्यांत नाही. ते दांडीला स्प्रिंग काटा लावून प्रत्यक्ष मोजल्यावर वेग ४ अंशांपर्यंत नेईन.