घर बंद असतानाच वाजणारा अलार्म

मे महिन्यात, पारा ४२ अंशांच्या पुढे गेलेला असताना, सोलापूरच्या अशोक चौकाजवळच्या एका घरी मला बोलावणे आले. नवराबायको दोघेही नोकरीला जाणारे. ते कुलूप लावून गेले की दुपारी केव्हातरी चोरी-अलार्म वाजू लागे आणि गल्लीतल्या कुणाला तरी फोन करून त्यांना बोलावून घ्यावे लागे. शेवटी कंटाळून त्यांनी अलार्म लावणेच सोडून दिले होते, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटली.

अलार्म नेहमी गेलेली लाईट परत आली की वाजतो, असे शेजारच्या मावशींनी सांगितले. त्यामुळे आधीच्या तंत्रज्ञाने बॅटरी बदलली होती, माणसाच्या अंगच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा सेन्सर बदलला होता आणि अखेरीस सेन्सरची संवेदनशीलता कमी करून ठेवली होती. हा शेवटचा उपाय मला मुळीच मान्य नाही, कारण त्याने खोटा इशारा कदाचित थांबेल, पण खरा चोरही सुटेल. मी ती पूर्ववत केली. बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवत होती, चार्जिंगही ठीक होते. अलार्मच्या पॅनेलच्या, म्हणजे नियंत्रण-पेटीच्या, नोंदींत प्रत्येक वेळी एकच झोन (घराचा भाग) होता, दिवाणखान्यातला.

मेन स्विच चार वेळा बंद-चालू करूनही काही घडले नाही. तेव्हा लक्षात आले की तपासणी करताना आपण दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवतो, आणि अलार्म मात्र बंद घरात वाजतो. मग सर्वांना बाहेर पाठवून, सगळे बंद करून, सेन्सरच्या भिंगावर जाड पुठ्ठा चिकटवून मी आत थांबलो आणि मालकांना बाहेरून मेन स्विच चालू करायला सांगितला. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा घरघरू लागला. तो बंद करायचा राहूनच जात असे, हे नंतर कळले. मिनिटभरातच सेन्सरचा लाल दिवा लागला. समोरचे काहीही दिसत नसताना तो लागला, म्हणजे कारण मागच्या बाजूला होते.

सेन्सर उतरवला. मागे वायरींसाठी आणलेल्या पाइपाचे तोंड उघडेच होते. देवघरातली उदबत्ती पेटवून तिथे धरली, तर धूर झोताने माझ्या तोंडावर आला. बंद घरातली हवा पंखा बाहेर ओढत होता आणि तिची जागा घ्यायला पत्रा व पीओपीचे छत यांच्यामधली तापलेली हवा त्या पाइपातून खाली येत होती. या सेन्सरमधील संवेदी घटकाचे दोन भाग असतात. दोन्हींवर सारखीच उष्णता पडली तर त्यांचे परिणाम एकमेकांना खोडून काढतात; माणूस चालत गेला की ती एकावर आधी आणि दुसऱ्यावर नंतर पडते. मागून येणारा गरम झोत नेमका तसाच असमान लागत होता.

पाइपाचे तोंड सिलिकॉनने बुजवले, ते सुकू दिले आणि मग घराला कुलूप लावून आम्ही गल्लीत उभे राहिलो. बाहेरच्या मीटरपाशी मालकांनी मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केला. मावशी कानांवर हात ठेवूनच दारात उभ्या होत्या. पंखा फिरू लागला; पंधरा मिनिटे गेली, भोंगा गप्पच राहिला. मग मी मालकांना कुलूप काढून मुद्दाम दिवाणखान्यात जायला सांगितले. त्यांच्या तिसऱ्या पावलाला भोंगा कडाडला.