आमची वाटचाल : टंच चांदीचा आणि पात्याचा

आम्ही मूळचे विट्याकडचे. खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईसाठी (सोनं-चांदी आटवून शुद्ध करायला) कुठं कुठं गेली, तसे बा 1986 साली मूस, चिमटे आणि कसोटीचा दगड घेऊन काठमांडूला आले. झार (सोनारकामातली धूळ-कचरा) आटवायची, टंच म्हणजे धातूची शुद्धता काढून द्यायची, एवढंच काम.

खुकुरी, गोरख्यांचा तो बाकदार सुरा, दुकानात आली ती चांदीमुळं. कोल्हापूरचे एक मेजरसाहेब गोरखा पलटणीतून निवृत्त झाले, तेव्हा भेट मिळालेला कोथीमोरा, म्हणजे चांदीनं मढवलेली खुकुरी, घेऊन आले. दापाच्या (म्यानाच्या) टोकाची चांदी निसटली होती. बांनी ती बसवून दिली. साहेब मला म्हणाले, "पोरा, चांदी बघितलीस. पातं कोण बघणार?"

मी पूर्व नेपाळातलं भोजपूर गाठलं. एका कामी दाजूंच्या, म्हणजे लोहारदादांच्या, आरणावर (भट्टीवर) दीड महिना बसलो. तापलेल्या पात्याच्या फक्त धारेवर ते किटलीतून पाण्याची बारीक धार सोडायचे. त्यामुळं धार कडक होते, पाठ चिवट राहते. अजूनही माझी पहिली परीक्षा कानशीची: धारेवर ती घसरली पाहिजे, पाठीवर चावली पाहिजे. मग मुठीपाशी पाठीची जाडी आणि टोकाकडं ती कशी उतरत जाते ते बघतो. काउडीची, म्हणजे पात्याच्या बुडाशी असलेली, खाच कानशीनं नीट घासलेली आहे का बघतो. मूठ पक्की बसवायला लाहा (राळेसारखं जुन्या पद्धतीचं चिकटण) वापरलाय की बाजारातलं एपॉक्सी, हे ऊब दिली की वासावरून कळतं. दापात कर्द (छोटा सुरा) आणि चकमक (धार लावायची बोथट पट्टी) आहेत का, आणि ती याच खुकुरीची आहेत का, हेही बघावं लागतं.

आता ते प्रकरण. आमच्याच गल्लीतला एक दुकानदार. त्याच्याकडं जागा नव्हती तेव्हा बांनी त्याला आमचा अर्धा काउंटर दिला होता. 2014 साली तो एक कोथीमोरा घेऊन आला, "फक्त चांदीचा टंच लिहून दे" म्हणाला. चांदी खरी, जुनी, 92 टंच. मी तेवढंच लिहून सही केली. त्यानं ती चिठ्ठी खुकुरीसोबत ठेवली आणि 'राणाकाळातली' (1951 पूर्वीच्या राणा राजवटीतली) म्हणून एका परदेशी संग्राहकाला विकली. पातं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं होतं, तेजाबानं खड्डे पाडलेलं. मुठीच्या पितळी कड्याखाली मात्र लोखंड कोरं करकरीत! दापही दुसऱ्याच खुकुरीचा, आत पातं खडखडत होतं. शंभर वर्षांपलीकडची वस्तू नेपाळबाहेर नेता येत नाही, म्हणून तपासणी पुरातत्त्व विभागात झाली आणि तिथंच सगळं उघडं पडलं. त्या माणसानं हात वर केले. चिठ्ठीवर नाव आमचं होतं. गिऱ्हाइकाचे पैसे आम्ही भरले, त्यासाठी गावाकडचं दीड एकर विकलं. बा त्या दिवशी जेवले नाहीत.

लगोलग एप्रिल 2015 चा भूकंप झाला. पर्यटक गेले, त्यानंतर भारत-नेपाळ सीमेवरची नाकेबंदी आली, आणि महिनोन्‌महिने दुकानात चिटपाखरू नव्हतं. ते मेजरसाहेब तेवढे पाठीशी राहिले. पलटणीतल्या जुन्या सोबत्यांच्या अकरा खुकुऱ्या त्यांनी गोळा करून धाडल्या. साफ करायला, तेल द्यायला, दापाची शिवण बघायला. मजुरी आगाऊ दिली. त्या अकरा खुकुऱ्यांवर आम्ही तगलो.

संग्रहासाठी घेणाऱ्यांना सांगतो. जुन्या पात्याला चमक आणू नका, त्याचा काळसरपणाच त्याची किंमत आहे. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात ते चामड्याच्या दापात ठेवू नका, कातडं ओल धरतं. तेलाच्या फडक्यात गुंडाळून वेगळं ठेवा. उपसताना दाप धारेच्या बाजूनं मुठीत धरू नका. पातं दाप चिरून बोटांपर्यंत येतं, मी पाहिलंय. आणि 'रक्त लागल्याशिवाय खुकुरी म्यानात जात नाही' असं कुणी सांगून भाव वाढवला, तर उठून चालू पडा. भोजपुरात याच खुकुरीनं लाकडं फोडतात, भाजी चिरतात.

आता आमच्या चिठ्ठीवर तीन ओळी असतात: पातं, मूठ, दाप. तिन्ही उघडून बघितल्याशिवाय मी सही करत नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

त्या दुकानदाराचं दुकान अजून त्याच गल्लीत आहे, आमच्यापेक्षा मोठं. ती जुनी चिठ्ठी त्यानं काचेच्या चौकटीत लावलीय, खाली आमचं नाव स्पष्ट दिसतं. दोनदा मागायला गेलो. दिली नाही.